कानफाटी काय खाते

२० फेब्रुवारी, गुरुवार
कंपनीची साप्ताहिक सुट्टी. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर मागच्या सावरीखाली ती. डाव्या कानाला चीर, म्हणजे आपली कानफाटीच. खाली पडलेली लाल फुलं एकेक करून खात होती. नुकतं पडलेलं उचलायची, सुकलेलं हुंगून सोडायची. आमच्या कंपनीत आलेला माल पास-नापास करणाऱ्या इनकमिंग इन्स्पेक्शनला इतकं चोख काम कुणाचं नाही, माझं धरून.

यो.ला हाक मारली. (योगेश. पण रोजनिशीत नवऱ्याचं पूर्ण नाव कोण लिहीत बसणार.) ब्रश तोंडात घेऊन आला. "भेकर आहे. त्यात काय?" डोंगराखाली जन्मलेल्या माणसाला त्यात काय वाटणार! माझ्या माहेरी, कोकणात, भेकर म्हटलं की लोक आधी वाटण काय घालायचं ते बोलतात. इथे येऊन मला पहिल्यांदा कळलं की एवढ्याशा हरणाकडे नुसतं बघूनही बरं वाटतं.

दिवसभर भेटेल त्याला सुकलेल्या फुलाचं सांगत सुटले. कपडे बादलीतच राहिले.

२४ मार्च
आप्पा (सासरे) सकाळपासून भडकलेत. गाईसाठी केलेल्या लसूणघासाला कानफाटीने तोंड लावलं. खाल्लं म्हणजे काय, शेंडे खुडले. इथला एक, तिथला एक. "खायचं तर एका कडंनं खा की! समदा वाफा उष्टा करून गेली." मी म्हटलं, आप्पा, लग्नाच्या पंगतीत तुम्हीही तसंच करता. सासऱ्यांना असं बोलायचं नसतं हे बोलून झाल्यावर आठवलं. हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत.

डोंगर पार वाळलाय. परवा गोडाऊनच्या बाजूने वणवा लागला होता, अर्धी चढण काळी. एका अंगाला कंटेनरची रांग, दुसऱ्या अंगाला प्लॉटिंग. तिने हिरवं शोधायचं तरी कुठे? आप्पांच्या वाफ्यातच येणार.

संध्याकाळी यो.ने रावेतला बुक केलेल्या फ्लॅटचे फोटो दाखवले. टाइल्स बसल्या. इतकी वर्षं मीच रावेत रावेत करून त्याचं डोकं खाल्लंय. चाकण चौकातलं ट्रॅफिक नको, टँकरची वाट बघणं नको, घरात धुळीचा थर नको. आता फोटो बघून नुसतं "छान" म्हटलं. तो म्हणाला, "एवढंच?" उठून भांडी घासायला गेले. घासलेलीच होती.

८ मे, गुरुवार
उंबर पिकलं. वर पाखरं अर्धं खातात, अर्धं पाडतात, आणि खाली हिची पंगत. किड्यांसकट खाते. मऊ तेवढीच घेते, टणक तशीच ठेवते. ती दुपारनंतर मऊ पडली की संध्याकाळी परत हजर.

बांधाजवळ आप्पांनी जुनं घमेलं मातीत बसवून पाण्याने भरून ठेवलंय. विचारलं तर म्हणाले, "गाईला." गाय गोठ्यात दावणीला बांधलेली.

१० जुलै
सगळीकडे हिरवं झालं आणि बाईसाहेब गायब. आता डोंगरभर कोवळं, आमच्या घासाला कोण विचारतं. पहाटे वरून भुंकण्याचा आवाज आला. मी आनंदाने, "खातेय वाटतं!" आप्पा म्हणाले, "न्हाई गं. चरताना भेकार मुकं असतंय. भुंकलं म्हंजी कुणीतरी आलंय समजायचं. कुत्रं, न्हाईतर माणूस." म्हणजे मी ज्याला आजवर गाणं समजत होते ती ओरड होती.

कंपनीत ऑडिट. बस चौकात अडकली, डोकं भणभणलंय. बसमध्ये नाही, घरात नाही, कुठे बूड टेकत नाही हल्ली. यो. म्हणतो दिवाळीत पझेशन.

२१ ऑगस्ट
पिल्लू!! टाकळ्याच्या रानात तिच्या मागे. अंगावर ठिपके, पाय काडीचे. ती कोवळे कोंब खात होती आणि दर घासाला मान वर करून बघत होती. पिल्लू काही खात नव्हतं, नुसतं तोंड लावून सोडत होतं. शिकतंय.

आप्पांना सांगितलं. "आता दोन तोंडं माझ्या वाफ्याला."

१८ सप्टेंबर
आप्पांचा झेंडू फुलला, दसऱ्याच्या बाजारासाठी. कानफाटी रोज सकाळी कडेची ओळ साफ करते. पूर्ण उमललेलं फूल खाते, कळीला हात नाही, म्हणजे तोंड नाही. आप्पांनी जुनी साडी बांधली, डबे बांधले, शिव्या दिल्या. ती साडीखालून वाकून येते.

झेंडू इतका आवडतो हे माहीत नव्हतं. लक्षात ठेवायला हवं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
दमले, पण छान वाटतंय. आज कंपनीत मशिनची पूजा. यंदा आम्ही लाइनवरच्यांनीच झेंडूच्या माळा ओवल्या. गेल्या वर्षी एका प्रेस मशिनवरची माळ पूजेआधीच तुटली आणि ऑपरेटर दिवसभर मशिनला हात लावेना. त्याला तो अपशकुन वाटला. म्हणून या वेळी सुती दोऱ्याऐवजी मीच स्टोअरमधून पॅकिंगची प्लास्टिक सुतळी आणली. पिवळी, बारीक. दोन्ही हातांनी ओढून बघितली. तुटेना. म्हटलं, "पास!" सगळे हसले. एकही माळ तुटली नाही. कोहळा फोडला, पेढे वाटले.

निर्माल्याचं काय, हा दरवर्षीचा घोळ. कचऱ्याच्या डब्यात टाकवत नाही, नदीत टाकू देत नाहीत. कल्पना (माझ्याच सेक्शनची) म्हणाली, "तुमचा डोंगर आहे ना, झाडाखाली ठेवा." मला तर तेच हवं होतं. उद्या सगळं कंपनीबाहेर काढून ठेवतील, परवा आणते.

३ ऑक्टोबर
दोन पोती भरून माळा. स्कूटीवर पुढे एक, मागे एक. चौकातला हवालदारही हसला. उंबराखाली पसरून ठेवल्या. यंत्राची पूजा होऊन फुलं कानफाटीच्या तोंडी, याहून चांगलं विसर्जन कुठलं? स्वतःवरच खूश झाले. आप्पा बघून म्हणाले, "माझा झेंडू वाचला म्हनायचा."

६ ऑक्टोबर
निम्म्या माळा गेल्या!

९ ऑक्टोबर, गुरुवार


सकाळी ती उंबराखाली होती, पिल्लू मागे. तोंडात माळेचं टोक. मी हसत बघत होते. ती चावत होती, गिळत होती, पुन्हा चावत होती, आणि फुलं संपली तरी तोंडातून पिवळी दोरी लोंबत होती. मान झटकली तरी निघेना. मग हळूहळू तीही आत गेली. सगळी. शेवटचं टोक ओठाशी हललं आणि नाहीसं झालं.

मी ओरडले. ती पळाली.

खाली जाऊन बघितलं. खाल्लेल्या माळांची फुलं नाहीत आणि दोऱ्याही नाहीत. सुती असती तर चावताना तुटली असती. मीच ओढून बघितली होती. मीच पास केली.

१० ऑक्टोबर
रजा टाकली. उरलेल्या माळा आप्पांनी आणि मी उचलल्या, गवतात हात घालून घालून. आप्पा रागाने माळा ओरबाडत होते. शेवटी म्हणाले, "गाय असं काय खायला लागली की म्या तोंडात हात घालून वढून काढतो. ह्यिच्या तोंडात कोन हात घालनार?" मी तिथेच बसले आणि रडले. त्यांनी घरात जाऊन पाण्याचा तांब्या आणून दिला.

वनखात्यात फोन लावला. माणूस चांगला बोलला. जिवंत, पळतं जनावर नुसत्या शंकेवरून पकडता येत नाही. भीतीनेच मरतात ही. निपचित पडलेलं दिसलं तर लगेच कळवा.

११ ऑक्टोबर
गुरांचे डॉक्टर गोठ्यात आले होते, त्यांना विचारलं. गाईच्या पोटातून त्यांनी दोऱ्या काढल्यात, पिशव्या काढल्यात, ऑपरेशन करून. "काही जनावरं पोटात घेऊन वर्षं काढतात, मॅडम. काही आठवड्यात जातात. खाणं बघायचं. खाणं सुटलं की समजायचं." मी विचारलं, आणि खात असेल तर? "तर आज बरं आहे, एवढंच."

म्हणजे आता तेवढंच काम. ती खाते का ते बघायचं.

१७ ऑक्टोबर
नाही दिसली.

१९ ऑक्टोबर
नाही. करंज्या जळाल्या. यो. म्हणाला, "वैशू, कढईकडे बघ ना जरा." मी गच्चीकडे बघत होते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
दिसली! उभी होती, बांधापलीकडे. पिल्लू खात होतं. ती खात नव्हती. पण मला बघूनही थांबली असेल. की आधीच पोट भरलेलं असेल? की...

अख्खा दिवस याच्यातच गेला. घरात या खोलीतून त्या खोलीत.

६ नोव्हेंबर
पझेशन मिळालं. पाचवा मजला, बाल्कनीतून एक्सप्रेसवेच्या बाजूचे दिवे दिसतात. भिंती पांढऱ्याशुभ्र. यो. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभा राहून हात पसरून हसत होता, लहान मुलासारखा. मलाही आनंद झाला, खोटं कशाला लिहू. पण किल्ली हातात घेतल्यावर पहिला विचार हा आला की आवळे पडायला लागले असतील आणि आपण इथे आहोत.

आप्पा येणार नाहीत म्हणाले. "तिथं म्या काय करू, लिफ्टीत बसू?"

१३ नोव्हेंबर
आवळ्याखाली आवळे तसेच पडलेत. बाकीच्या वर्षी एक राहत नाही. आप्पा म्हणतात यंदा पीकच जास्त आहे. यो. म्हणतो दुसरीकडे कुठे तरी मिळत असतील. दोघंही बोलताना माझ्याकडे बघत नाहीत.

२५ नोव्हेंबर
भांडण. पॅकर्सवाल्याला यो.ने तारीख दिली, मी फोन करून रद्द केली. "एका भेकरासाठी?" म्हणाला. मी म्हटलं, हो. मी खायला घातलंय ते. तो म्हणाला, "मुद्दाम घातलंस का?" मुद्दाम घातलं असतं तर बरं झालं असतं, निदान वाईट माणूस म्हणून गप्प बसले असते. हे त्याला कसं समजवायचं कळेना. दार आपटून गेला. शिफ्टला चाललाय असं वाटलं.

संध्याकाळी आला तेव्हा पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली. शिफ्टला गेलाच नव्हता. डोंगरावर दुपारभर फिरला होता. "दिसली नाही. पण मेलेलीही नाही दिसली." कुसळं काढत बसलो दोघं.

४ डिसेंबर, गुरुवार
करवंदीच्या जाळीत, सावलीत, आवळ्याच्या बियांचा छोटा ढीग! स्वच्छ, कोरड्या. आप्पांनी ओळखलं. भेकर आवळा अख्खा गिळतं, मग निवांत बसून रवंथ करताना बी तोंडात आली की टाकून देतं. "हितं बसती ती."

मी बिया चिवडून बघितल्या. काडीने, मग बोटांनी. पिवळा धागा वर आला असेल तर? काही नव्हतं. नुसत्या बिया.

पण बिया कुणाच्या? डोंगरावर भेकरं आणखीही आहेत. तरी आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१८ डिसेंबर
आप्पांच्या हरभऱ्याला घाटे येतायत. दरवर्षी या दिवसांत ते गोफण घेऊन मचाणावर बसतात. यंदा डोंगराकडच्या कोपऱ्याला काटेरी कुंपणच घातलेलं नाही. मी विचारलं. म्हणाले, "काटं संपलं." बांधावर बाभळीचा ढीग पडलाय.

यो.ने परत तारखेचं काढलं. मी म्हटलं, पौष लागतोय, पौषात कुणी घर बदलतं का? तो बघतच राहिला. ज्या बाईने लग्नाचा मुहूर्त चुकला तरी चालेल म्हणून ब्युटी पार्लरमध्ये तासभर जास्त काढला, तिला पौष आठवला. आप्पांनी मात्र मान डोलावली. "व्हय, पौषात न्हाई."

१ जानेवारी
हरभऱ्याचा कोपरा खाल्लेला. शेंडे खुडलेत. इथला एक, तिथला एक. सगळ्या कोपऱ्याला तोंड लावलेलं. आप्पांनी मला हात धरून नेऊन दाखवलं. तिची खाण्याची पद्धत सांगत होते, जसं काही मला माहीतच नाही. त्यांना एका डोळ्याने नीट दिसत नाही, मोतीबिंदू. वाकून वाकून बघत होते.

सगळीच भेकरं अशी खातात का? हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

१५ जानेवारी
बोरं. पिल्लू बोरीखाली एकटंच. आता पिल्लू कसलं, ठिपके गेले, मोठं झालंय. पिकलेलं बोर उचलत होतं, कच्चं हुंगून सोडत होतं. आईचीच खोड. पण आई कुठे?

यो.ने मोबाइलवर वाचून दाखवलं, भेकराचं पिल्लू मोठं झालं की वेगळंच राहतं, तसाच नियम आहे. नियम असेल. मी अंधार पडेपर्यंत बोरीपलीकडे बघत उभी राहिले.

२२ जानेवारी, गुरुवार
पौष संपला. बहाणेही संपले. टेम्पो भरला. आप्पांनी कपाटाला खालून हात लावला, नको नको म्हटलं तरी. निघताना पायरीवर उभे होते. मी पाया पडले. "दर गुरवारी ये," म्हणाले. मग जरा थांबून, "तुजं काय ते बघायला."

टेम्पोत पुढे बसले. आरशात डोंगर दिसत होता. मग चौक आला आणि कंटेनर आडवा आला.

५ फेब्रुवारी
रावेत. घर सुंदर आहे. ओटा मोठा आहे, पाणी चोवीस तास. मला एका जागी बसवत नाही. गेल्या गुरुवारी गावी जाऊन आले, सावरीला फुलं लागलीत. झाडाखाली फुलं पडलेली होती. ताजी आणि सुकलेली, सगळी तशीच. कुणी खात असतं तर ताजी नसती राहिली ना? की तोवर आली नसेल?

आज जाता आलं नाही. कंपनीत बोलावलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आजही नाही. सोसायटीत लिफ्टची तपासणी, पाइप गळतोय, प्लंबर येतो म्हणाला आणि आलाच नाही. दिवसभर चिडचिड.

संध्याकाळी आप्पांचा फोन. आप्पा कधी आपणहून फोन करत नाहीत. त्यांच्या लेखी फोन फक्त घ्यायचा असतो.

"ऐक," म्हणाले, आणि फोन डोंगराकडे धरला असावा.

खाली गाड्यांचा आवाज. बाल्कनीचं दार लावलं, बाथरूममध्ये गेले, तेही दार लावलं. फोन कानाला दाबून धरला. वारा. मग लांबून एक भुंकणं. थोडं थांबून आणखी दोन. भेकर. नाहीतर कुत्रं. फोनवर कसं कळणार.

"आलं का ऐकायला?"

आलं म्हटलं. पण आप्पा, कशावरून तीच?

"सावरीखाली हाय. कान बगितला मी. फुलं खातीया."

चरताना भेकर मुकं असतं. हे मला त्यांनीच सांगितलंय. आणि गच्चीवरून सावरीखालचा कान त्यांना दिसत नाही. गेल्या खेपेला औषधाच्या बाटलीवरचं नावही माझ्याकडून वाचून घेतलं.

मी विचारलं, कुठली फुलं खातेय आप्पा, ताजी की सुकलेली?

मला वाटलं फोन कट झाला.

"ताजी," म्हणाले. "सुकल्यालं हुंगती आन् सोडून देती."

हे मी त्यांना सांगितलं होतं का? गेल्या फेब्रुवारीत तर भेटेल त्याला सांगत सुटले होते. त्यांनाही सांगितलं असेल. नक्की आठवत नाही. यो.ला विचारलं, त्यालाही आठवत नाही.

पुढच्या गुरुवारी काही झालं तरी जायचं. प्लंबरला शुक्रवार दिला.